घरच्या माणसाला कसली ग्रॅच्युइटी?

हे मी आजवर कोणापुढे बोललेलं नाही. देवापुढेसुद्धा नाही — आणि त्याच्यापुढे तर मी रोज सकाळी अर्धा तास बडबडत असते. गुडघ्यांपासून सुनेपर्यंत सगळं त्याला सांगून झालंय. एवढं एक सोडून. तेव्हा जरा जवळ सरका.

इथे अमेरिकेत, डॅलसजवळच्या अर्विंगमध्ये आमचं फराळाचं दुकान होतं. पुढे काउंटर, मागे स्वयंपाकघर. काउंटरवर मी — लिपस्टिक लावलेली, "काकू, काकू" करत येणाऱ्या स्टुडंट पोरांना एक चकली जास्त देऊन पुण्य कमावणारी. ती बाई आज मला समोरून येताना दिसली तर मी रस्ता बदलीन. पन्नाशी उलटलेली — म्हणजे तरुणच की हो! — आणि स्वतःच्या चांगुलपणावर इतकी खूश, की आरशानंच मान फिरवावी.

मागे मावशी. अमरावतीच्या. मुलाकडे राहायला म्हणून आल्या, कागदपत्रं झाली तशा आमच्याकडे पोळ्या लाटायला लागल्या. वयानं माझ्याहून मोठ्या, तरी मला ताई म्हणायच्या. दुकान चालायचं ते त्यांच्या हातावर. माझी चकली तेलात विरघळायची — हे काही गुपित नाही, निम्म्या डॅलसला ठाऊक होतं.

मग गुपित काय? येते, येते. इतकी वर्षं आले नाही, आता दोन मिनिटं थांबा.

एका दिवाळीच्या तोंडावर पलीकडच्या इंडियन ग्रोसरीवाल्यानं मावशींना जास्त पगारावर बोलावलं. तेव्हा आमचे हे स्वयंपाकघरात गेले आणि म्हणाले, "मावशी, जाऊ नका. दुकान बंद करू तेव्हा भारतात देतात तशी ग्रॅच्युइटी देईन. वर्षामागे अर्ध्या महिन्याचा पगार. शब्द दिला." मावशी राहिल्या. त्या पैशात त्यांना अमरावतीला परत जायचं होतं. बहिणीच्या घराशेजारी दोन खोल्या घ्यायच्या, दाराला आपली कडी. मुलाच्या अपार्टमेंटमध्ये त्या हॉलमध्ये झोपायच्या. रात्री सगळ्यांचा टीव्ही बंद झाला की मग त्यांचं अंथरूण.

हा शब्द दिला तेव्हा मी तिथेच होते. शेव मोजत होते. ऐकलं — अगदी स्पष्ट ऐकलं.

पुढे हे गेले. दोन वर्षं मी एकटीनं दुकान ओढलं, मग विकलं. चांगल्या भावानं विकलं, हेही सांगून टाकते, नाहीतर तुम्ही माझ्यासाठी कारणं शोधत बसाल.

शेवटच्या आठवड्यात मावशी हात पुसत काउंटरशी आल्या. "ताई, साहेबांनी ते म्हटलं होतं नं..." एवढंच. पुढचं वाक्य मी पूर्ण करीन अशी त्यांची समजूत.

आणि त्या लिपस्टिकवाल्या बाईनं काय करावं? मावशींचे दोन्ही हात हातात घेतले! म्हणाली, "मावशी, मला तर हे काहीच बोलले नव्हते हो. आणि अमेरिकेत अशी पद्धत नसते. शिवाय तुम्ही का नोकर आहात? घरच्या माणसाला कसली ग्रॅच्युइटी?"

डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं होतं तिनं. काय म्हणावं हो असल्या बाईला?

पद्धत नसते, हे खरंच होतं. कायदा विचारणार नव्हता. पण ग्रॅच्युइटी म्हणजे काय हे मला कळत नव्हतं? सोलापूरच्या बँकेतल्या कारकुनाची मुलगी मी! बाबा रिटायर झाले त्या वर्षी माझं लग्न झालं — हॉल, जेवणं, यांचा सूट, सगळं त्यांच्या ग्रॅच्युइटीतून. तो शब्द मी आईच्या तोंडून देवाच्या नावासारखा ऐकलाय.

मावशींनी हळूच हात सोडवून घेतले. मग म्हणाल्या, "हो नं. घरचीच मी." आणि पोळ्या करायला आत गेल्या.

आता पुढची मजा ऐका. मी त्यांचा निरोप समारंभ केला. शाल, श्रीफळ, ओटी, मंडळातल्या सगळ्या बायका. मी भाषण ठोकलं — "मावशी म्हणजे आमच्या घराची आई!" टाळ्या! कोणीतरी रडलंसुद्धा. आपल्याकडे हे फार सोयीचं आहे, नाही? माणसाला आई म्हटलं, मावशी म्हटलं, की हिशेब संपला. खांद्यावर शाल घातली की हात आपोआप झाकले जातात — घेणाऱ्याचे आणि देणाऱ्याचेही.

त्या वर्षी मी माझं किचन नवीन केलं. ग्रॅनाइट. काळं, चमकणारं. स्वयंपाक येत नसलेल्या बाईला ग्रॅनाइट.

पुढे मंडळाच्या गणपतीत मावशी भेटायच्या. नव्या मुलींना माझ्याकडे बोट दाखवून सांगायच्या, "ताईंनी मला घरच्यासारखं ठेवलं." खरंच वाटायचं त्यांना, की मला ऐकवायच्या? मी कधी विचारलं नाही. मी हसून मान डोलवायचे. एकदा तर म्हटलं, "अहो, त्यात काय एवढं!"

मागे एकदा नातीला हे सांगायला घेतलं होतं. "आजी, वॉज शी नाइस?" तिनं विचारलं. मी म्हटलं, फार नाइस. आणि विषय बदलून तिला केक दिला.

मावशी अमरावतीला गेल्या नाहीत. त्यांची बहीणही आता राहिली नाही. मावशी इथेच आहेत, मुलाकडे. माझ्या घरापासून गाडीनं पंधरा मिनिटं. मला गाडी चालवता येते. पैसे तेव्हाही होते, आजही आहेत. पण पैसे द्यायचे तर आधी म्हणावं लागेल — मावशी, मी तिथेच उभी होते, मी ऐकलं होतं.

ते मी म्हटलेलं नाही. परवा त्यांच्या घरावरून गेले, सिग्नल हिरवा होता.