चरे पडलेली काच

रसायनशास्त्र विभागात शिकवता शिकवता माझे केस पांढरे झाले, तरी स्फटिक कसा तयार होतो हे मला पुरतं कळलंय असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

बिडकीनजवळच्या शेतकरी घरातली एक मुलगी माझ्याकडे पीएच.डी. करत होती. तिनं एक नवं संयुग बनवलं होतं. त्याची रचना सिद्ध करायला एक तरी स्वच्छ स्फटिक हवा होता, साखरेच्या दाण्याएवढा का होईना. पहिल्या वर्षी तिला भुकटीसारखे बारीक कण मिळाले होते. आता तेही येईनात, तळाशी नुसता चिकट पाक राहायचा. मुदतवाढ एकदा घेऊन झालेली. उन्हाळा संपेपर्यंत प्रबंध दिला नाही, तर नोंदणी रद्द होणार होती.

मी तापट माणूस. एक दिवस सगळ्यांसमोर बोलून गेलो, "तुझ्या हातातच दोष आहे."

"मी लई जपून करते सर," एवढंच म्हणून ती पुन्हा भांडी धुवायला लागली.

ती भांडी नवी कोरी होती. विभागाच्या तपासणीला समिती येणार म्हणून मीच चरे पडलेली जुनी काच फेकायला लावली होती. स्फटिकाला धरायला खरबरीत जागा लागते, चऱ्यात आधीचा एखादा कण अडकलेला असला तर तो विरजणाचं काम करतो, हे वर्गात दरवर्षी मीच शिकवतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

माझं बोलणं आमच्या परिचर चाचांनी ऐकलं होतं. शहागंजचे, निवृत्तीला आलेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी भांडारातून जुन्या काचेचं एक खोकं आणून माझ्यासमोर ठेवलं.

"फेंकने कू दिल नइ हुआ, सर."

त्यात तिची पहिल्या वर्षीची चरे पडलेली बाटली होती, वर चिकटवलेल्या तिच्याच अक्षरातल्या चिठ्ठीसकट. तिनं त्या बाटलीत द्रावण ओतलं, तोंडाला कागद बांधला आणि ती कोपऱ्यात ठेवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तळाशी एक स्फटिक बसला होता. नितळ, चपटा, पट्टीनं आखावी तशी सरळ कड. किती रेणू असतील त्यात! एकालाही डोळे नाहीत, कुणी हुकूम सोडलेला नाही, आणि सगळे आपापल्या जागी रांगेत. माझ्या अंगावर काटा आला. चाचा "सुभानअल्लाह" म्हणाले. मी हात जोडले. प्रयोगशाळेत पहिल्यांदाच.

ती मात्र माझ्याकडं बघत होती.

"म्हणजे सर, माझा हात चुकत नव्हता ना?"

"नव्हता. चूक माझी. काच मी फेकायला लावली."

बोललो होतो सगळ्यांसमोर, म्हणून सगळ्यांना बोलावून हेच पुन्हा सांगितलं. तेव्हा कुठं तिनं वाकून बाटलीत पाहिलं.