घेवडा शिजेना

लग्न होऊन मी मढहून पिंपरी पेंढारला आले, तेव्हा आईनं माझ्या ट्रंकेत साड्यांच्या खाली काळ्या घेवड्याचं एक गाठोडं घातलं होतं. आमच्या परसात मांडवावर चढणारा घेवडा तो. शेंगा वाळवायच्या, दाणे काढायचे, राखेत घोळायचे आणि मडक्यात भरून ठेवायचे. "तिकडं बागायती लोक. ऊस-कांद्यातनं त्यांना घेवड्याची सवड कुठली," आई म्हणाली होती. गाठोडं फडताळात वरच्या फळीवर ठेवलं आणि मी नव्या घराला लागले.

घर चांगलं होतं, माणसं चांगली होती. अडचण माझ्या आवाजाची होती. मढला आमची घरं उतारावर अशी विखुरलेली की शेजारणीला मिरची मागायची तरी दोन बांध ओलांडून हाक मारायला लागायची. मला हळू बोलणं म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. सासरी पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "अगं हळू बोल, आपण काय डोंगरात हाय का?" सासूबाईंना मी आत्या म्हणायची. आत्यांनी ते सहज म्हटलं, पण मी मनाला लावून घेतलं. मी हळू बोलू लागले, मग कमी बोलू लागले आणि दिवाळीला माहेरी गेले तेव्हा विचारलं तेवढंच बोलत होते.

बा मला काही बोलला नाही. आईला मात्र म्हणाला, "पोर गप झाली. चुकीच्या घरी दिली का काय आपण?" मी भिंतीपलीकडं भांडी घासत होते. त्याला सांगावंसं वाटलं की तसं काही नाही. पण तेही मी सांगितलं नाही, म्हणजे बघा.

पुढं थंडीत बाचा निरोप आला. रविवारी येतो. सकाळच्या गाडीनं येणार, चारच्या गाडीनं जाणार. तो कशाला येतोय हे मला लख्ख कळलं. तो मला बघायला येत होता आणि त्या चार-पाच तासांत जे बघेल तेच जन्मभर डोक्यात घेऊन बसणार होता. आमचा बा एकदा मनात धरलं की सोडत नाही. मी ठरवलं, त्याला माझ्या हातचं घेवडा-मटण खायला घालायचं. ते त्याचा जीव की प्राण. पोटभर जेवला की खुशीत जाईल, असा माझा साधा हिशेब.

आता या घरात मटणाची एक रीत होती. आत्या माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळं त्यांच्या चुलीवर मटण चढत नसे. पण घरात खाणारे होते. मटणाचं पातेलं, पळी, ताटल्या सगळं वेगळं, गोठ्याच्या आढ्याला पोत्यात टांगलेलं. परसात गोठ्यालगत तीन दगडांची चूल होती. तिथं सासरे रविवारी मटण करायचे आणि आत्या स्वयंपाकघराच्या मागच्या उंबऱ्याच्या पुढं यायच्या नाहीत. मधे तीसेक पावलांचं परस. त्यांना कुणी बंदी केली नव्हती, त्यांनीच तशी हद्द आखली होती.

"बापासाठी करतीस तर कर," आत्या म्हणाल्या. "माझं काय बी म्हणणं नाय. पण माझ्याकडं काय इचारू नको, मला त्यातलं कळत नाय."

सासऱ्यांना मी मामा म्हणायची. त्यांना मात्र पुष्कळ कळत होतं. "मटणात घेवडा?" ते म्हणाले. "का गं, तुमच्याकडं मटण कमी पडतं व्हय?"

खरं सांगायचं तर कमीच पडायचं. आमच्याकडं मटण म्हणजे एक कोंबडा आणि घरात चौदा माणसं, तर आईनं घेवडा नाही घालायचा तर काय करायचं? पण वर्षानुवर्षं असं झालं की आम्हाला कोंबड्यापेक्षा घेवड्याचीच चटक लागली. रस्सा पिऊन फुगलेला तो दाणा तोंडात फुटतो, तेव्हा दुसरं काही नको वाटतं. मी मामांना म्हटलं, "खाऊन बघा, मग बोला." त्या घरात उलट बोललेलं माझं पहिलं वाक्य ते असावं. मामा हसले.

शनिवारी संध्याकाळी घेवडा भिजत घातला. परसात नव्या बोअरचा नळ होता. मोटर चालू केली की भसाभसा पाणी. मला त्या नळाचं भारी कौतुक, कारण मढला आम्ही झऱ्यावरून हंडे वाहिलेले. आत्या मात्र रोज जुन्या विहिरीवरून दोन कळश्या आणायच्या, मलाही आणायला लावायच्या, आणि ते पाणी आत मोठ्या हंड्यात झाकून ठेवायच्या. मी मनाशी समजून चालले होते की माळकरी बाई, तिच्या स्वयंपाकाचं पाणी सोवळ्यासारखं वेगळं असणार. विचारलं नव्हतं. मटणाच्या भांड्यासाठी त्या हंड्याला हात लावायचा म्हणजे पापच. म्हणून घेवडा बोअरच्या पाण्यात भिजला आणि सकाळी मटणातही तेच पाणी गेलं.

सकाळी मामांनी मटणाचा वाटा आणून दिला. कांदा-खोबरं निखाऱ्यावर भाजून मी पाट्यावर वाटण वाटलं, आलं-लसूण, घरचा काळा मसाला. आमच्यात सगळं एकाच पातेल्यात एकदमच घालतात. मटण, घेवडा, वाटण, वर बोटभर पाणी, झाकणाच्या ताटलीतही पाणी. मग जाळ लावायचा आणि गप्प बसायचं. नऊ वाजता पातेलं चढवलं. लाईट आली म्हणून नवरा कांद्याला पाणी द्यायला पळाला. "गाडीच्या टायमाला स्टँडवर हजर राहतो," म्हणाला.

दहाला झाकण काढलं. वास असा की शेजारचा कुत्रा कुंपणात येऊन बसला. दाणा दाबून बघितला, कडक. साडेदहाला बघितला, कडक. अकराला मटण हाडापासून सुटायला लागलं आणि घेवडा चिंचोक्यासारखा टणक! जाळ वाढवला. पाणी घातलं, अर्थात नळाचंच. दाणे जणू मला ओळखतच नव्हते. मामा बाजूला पोत्यावर बसून मजा बघत होते. "डोंगरातला घेवडा हाय," ते म्हणाले, "आमच्या गावात शिजायला लाजतोय." एरवी मी हसले असते. पण बाची गाडी वाटेतलं ओतूर सोडून निघाली असणार आणि मला रडू फुटायला आलं होतं.

तेवढ्यात उंबऱ्यातून आत्यांचा आवाज आला. "काय झालं गं?"

"घेवडा शिजंना!" मी ओरडले. तीस पावलांवरून हळू कसं बोलणार?

"पाणी कुठलं घातलं?"

"नळाचं!"

"आगं माझे आई!" आत्यांनी कपाळावर हात मारला. "त्या मचूळ पाण्यात डाळ तरी शिजती का? मटणाला चालतं ते, कडधान्याला नाय! हिरीचं का नाय घातलं?"

"ते तुमच्या माळंचं पाणी ना!"

"माळंचं?" आत्या एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की कुत्रा उठून उभा राहिला. "आगं ते डाळीचं पाणी! डाळ शिजावी म्हणून आणती मी! माळंला काय पाणी पाजायचंय व्हय?"

"मग सांगायचं न्हाई का कधी!"

"तू इचारलंस का कधी? तोंड शिवल्यागत ऱ्हाती घरात, मला काय सपान पडतं?"

"तुमीच म्हणला हळू बोल!"

"हळू बोल म्हणलं, बोलूच नको म्हणलं व्हय?"

सहा महिन्यांचं तुंबलेलं होतं, दोन्हीकडचं. मी म्हटलं तुम्ही एवढ्या लांब उभ्या राहता मग तुम्हाला दिसणार कसं, त्या म्हणाल्या मटणाच्या वासात मी काय पाय मोडून बसू. बोलता बोलताच त्या आत गेल्या आणि बाहेर आल्या त्या एका हातात विहिरीच्या पाण्याची कळशी, दुसऱ्या हातात कुकर घेऊन. घरातला एकुलता एक कुकर, लख्ख घासलेला. हद्दीच्या पुढं, परसाच्या बरोब्बर मध्यापर्यंत चालत आल्या, दोन्ही तिथं ठेवलं आणि मागं सरल्या.

"दाणं उपसून घाल ह्याच्यात. चिमटीभर सोडा घाल."

"तुमचा कुकर बाटंल!"

"बाटू दे! धुवून घे आधी दाणं."

"धुतलं तर चव जाईल!"

"आन न धुता तसंच ऱ्हायलं तर पावण्याच्या दाढंखाली काय फुटंल? दाढ!"

"मी नाय धुणार!"

"मग नको धू! तुझा बा हाय, तुझा घेवडा हाय!"

मामा पोत्यावर आडवे व्हायचे बाकी होते, एवढे हसत होते. मी झारा उगारून काहीतरी म्हणायला वळले. घराच्या कोपऱ्याशी बा उभा होता. हातात पिशवी, डोक्यावर टोपी. कधीपासून उभा होता कोण जाणे. नवऱ्याचा पत्ता नव्हता, तो अजून कांद्यातच होता.

माझा पदर खांद्यावर आलेला, हातात झारा, चेहऱ्यावर काजळी. आत्यांनीही पदर सावरला. "या पावणं," त्या एकदम मऊ आवाजात म्हणाल्या, "च्या टाकते." मी खाली मान घालून दाणे कुकरात उपसले, न धुताच. विहिरीचं पाणी, सोडा, आणि कुकर तीन दगडांवर. सहा शिट्ट्या झाल्या. झाकण उघडलं तर दाणा बोटात लोण्यासारखा दबला.

पातेल्यात परत घालून एक उकळी आणली. मामांनी तीनदा वाढून घेतलं आणि "खाऊन बघा" म्हणणारीकडं न बघता गुपचूप चौथ्यांदा ताटली पुढं केली. नवराही भर जेवणात चिखलाच्या पायांनी धावत आला. बा मात्र खाली बघून जेवला. भाकरी कुस्करून, बोटं चाटून, पण एक शब्द बोलला नाही. ज्यासाठी एवढं केलं ते सगळं मीच धुळीला मिळवलं होतं. पोर सासूच्या अंगावर झारा घेऊन ओरडते, हे बघून माणूस जाणार होता.

तो कुकर पुन्हा आत गेला नाही. आत्यांनी तो परसालाच दिला आणि पुढं कितीतरी वर्षं रविवारी आम्ही दोघी परसाच्या दोन टोकांना उभ्या राहून, ओरडून ओरडून, त्यात घेवडा शिजवला.

त्या दिवशी चारच्या गाडीसाठी मी बाला पोचवायला स्टँडवर गेले. नवऱ्याला मागंच ठेवलं. वाटेत म्हटलं, "बा, आज जे ऐकलंस ते मनावर घेऊ नको. रोज असं नसतं."

"नसतं?" बा थांबला. "रोज नसतं व्हय?" त्याचा चेहरा पडला.

"मी हितं उतरलो," तो म्हणाला, "तर न्यायला कुणी नाय. घर ध्यानात नव्हतं. कुणाला इचारावं म्हणत व्हतो, तर तुझा आवाज आला. त्या आवाजामागं चालत आलो."

"पण मी सासूशी भांडत व्हते, बा!"

"आन ती बी तुझ्याशी भांडत व्हती," बा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते आणि तो हसत होता. "परक्याच्या पोरीशी कुणी एवढं भांडत नाय."