दिसायला लागल्यावर बिघडलेले मोदक

मुलांनो, माझी ती शेजारीण न विचारता माणसाच्या कानाची पाळी दोन बोटांत धरायची. डाव्या हाताने. उजवा हात परातीतल्या उकडीत असायचा. क्षणभर दोन्हीकडे चाचपून ती निकाल द्यायची, "अजून मळायला हवी. तुझा कान मऊ आहे."

मोदकाची उकड कानाच्या पाळीइतकी मऊ हवी, हे तुम्हीही कुठेतरी ऐकलं असेल. पण दुसऱ्याच्या कानावर माप घेणारी मी ही एकच पाहिली. तुमचे आजोबा, सोसायटीचे सेक्रेटरी, कुरिअरवाला, कुणी सुटलं नाही. मला स्वच्छतेचं वेड, म्हणून मी एकदा हटकलं. ती म्हणाली, "डावा हात माणसांचा, उजवा बाप्पाचा. मिसळत नाही मी." आजोबांचा कान तिला नेहमी कडक लागायचा. त्याचं कारण ती त्यांच्यासमोरच सांगायची, "स्वभाव गो, दुसरं काय."

लालबागची आमची चाळ पाडून तिथे बावीस मजली इमारत झाली, तेव्हा तिचं दार माझ्या दारासमोर आलं. ती मालवणकडची, नवरा गिरणीत होता. मी गिरगावातून लग्न होऊन आलेली, फोर्टातल्या कचेरीत इंग्रजी टायपिस्ट. एरवी मी तिची "गो", आणि राग आला की "मॅडम". मजल्यावर चार घरांत गणपती बसतो. त्या चारही घरांच्या नैवेद्याचे एकवीस-एकवीस मोदक चाळीच्या दिवसांपासून तीच करत आली होती. तिची सून, मी आणि इतर बायका फक्त नारळ खवायचो.

मोदक वळताना ती हातांकडे बघत नसे. तोंड टीव्हीकडे, मालिकेतल्या सासूला शिव्या चालू, आणि खाली बोटांत पारी कागदासारखी पातळ होत गेलेली. मी एकदा विचारलं, न बघता कसं जमतं? "बोटांना विचार गो. डोळ्यांना काय कळतं त्यातलं?"

नंतर उघड झालं की ती मालिकाही बघत नव्हती, नुसती ऐकत होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि बाईने तो कित्येक वर्षं लपवला होता. कपात बोट घालून चहा ओतायची, पावलांवरून माणूस ओळखायची. एका संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिने सेक्रेटरींच्या बायकोच्या नाकाच्या शेंड्यावर कुंकू लावलं, आणि बिंग फुटलं. "मान हलवली हिने," असा तिने बचाव केला. पण मुलाने ऐकलं नाही. आषाढापर्यंत दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं उरकली.

काळा चष्मा उतरवून तिने मला पहिल्यांदा पाहिलं तो क्षण मी विसरणार नाही. बराच वेळ निरखून ती म्हणाली, "तुझं तोंड असं कधी झालं गो?"

मी म्हटलं, साठीनंतर, हळूहळू.

"सांगायचंस तरी."

पुढचा महिनाभर घरात कुणाला थारा नव्हता. सुनेच्या ओट्यावरचे तेलाचे डाग, पंख्यावरची धूळ, मुलाच्या डोक्यावरचं टक्कल, सगळं तिला एकदमच दिसलं. मग भाद्रपद आला.

त्या चतुर्थीला तिने टीव्ही बंद ठेवला. चष्मा नाही, झापड नाही, प्रथमच ती आपल्या हातांकडे बघत मोदक वळत होती, आणि तिला स्वतःचाच फार अभिमान वाटत होता. मोदक दिसायलाही देखणे झाले होते. कळ्या सारख्या अंतरावर, टोक सरळ. बायका फोटो काढून गेल्या. नैवेद्याचं चाखायचं नसतं, त्यामुळे आरती होईपर्यंत कुणालाच काही कळलं नाही.

प्रसाद वाटला गेला आणि खोली गप्प झाली. तुम्ही मोठ्या पंगतीत अशी शांतता अनुभवली असेल, जेव्हा सगळे चावत असतात आणि कुणी वर बघत नाही. पारी जाड, मध्ये कच्चट, पिठाचा गोळा घशाशी अडकणारा. तुमच्या आजोबांनी दोन घोट पाणी पिऊन "छान आहेत" म्हटलं. आयुष्यात त्यांनी तिला दिलेली ती पहिली शाबासकी, म्हणून तिला लगेच संशय आला. तिने एक मोदक फोडला, खाल्ला, आणि देवाकडे बघून म्हणाली, "हा बोलत नाही म्हणून बरं."

लोक हसले. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी मुलाने समजूत म्हणून प्लॅस्टिकचा साचा आणून दिला. तो तिने त्याच्यादेखत केराच्या डब्यात टाकला. मग दार लावून घेतलं. मी गेले तर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. पुढच्या वर्षीपासून दुकानातून आणा म्हणाली. आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, "हे पण गेलं तर मी ह्या घरात करायचं काय गो?"

तुमच्यातली थोरली तिकडे मेंदूचं काहीतरी शिकते, म्हणून मी तिला फोन लावला. तिने समजावून दिलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. हात हलतो तेव्हा मेंदूकडे दोन बातमीदार असतात, डोळा आणि कातडी. दोघांच्या बातम्या जुळवून मेंदू हात चालवतो. ज्याची बातमी जास्त खात्रीची, त्याचं जास्त ऐकतो. हिचा डोळा गढूळ होता तोवर मेंदूने सगळी भिस्त बोटांवर ठेवली होती. आता डोळा लख्ख झाला, आणि मेंदू त्याच्याच नादी लागला. कळ्या किती सुबक, हे डोळ्याला दिसतं. पारी किती जाड, हे बोटालाच कळतं.

मी हे तसंच्या तसं तिला जाऊन सांगितलं. ती उठून बसली. "म्हणजे नवी सून आली, गोरी, इंग्रजी बोलणारी, म्हणून जुनीचं कुणी ऐकेना." मी म्हटलं, तसंच. "मेंदूपण मेला पुरुषच," ती म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.

उपाय मी सुचवला. गिरगावातल्या टायपिंगच्या क्लासमध्ये आमचे मास्तर हातांवर पुठ्ठा धरायचे, म्हणजे कळांकडे बघता येत नसे. तशी तिच्या डोळ्यांवर ओढणी बांधू म्हटलं. "डोळे बांधून? ह्या वयात आंधळी कोशिंबीर खेळू काय?" तरी एकदा बांधली. दोन मिनिटांत घाबरून तिनेच ओढून काढली. इतकी वर्षं धुक्यात काढलेल्या बाईला पुन्हा अंधार नको होता. हे मला आधी सुचायला हवं होतं.

टीव्हीही चालेना, कारण आता तो खरंच दिसायचा आणि ती हात थांबवून साड्या बघत बसायची. शेवटी एका संकष्टीला तिने मला परातीपलीकडे खुर्चीवर बसवलं. "तू बोल. मी तुझ्याकडे बघते. तुझ्यात बघत राहण्यासारखं काही नाही."

तेव्हापासून दर संकष्टीला मी बसू लागले. तुमचे निरोप वाचून दाखवायचे, कुणाला ताप आला, कुणी केस निळे केले. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघायची आणि मध्येच बोलायची, "हनुवटीवर केस आलाय तुझ्या. उपट." नजर खाली गेली की मी टेबलावर पेन्सिल आपटायचे. ती "हो मॅडम" म्हणून मान वर करायची. सुरुवातीचे मोदक फाटले, मग जाड झाले, मग पुन्हा फाटले. ते सगळे आम्ही दोघींनी खाल्ले. माझी साखर त्या वर्षी का वाढली, हे डॉक्टरांना आजतागायत माहीत नाही.

पुढच्या चतुर्थीला प्रसाद वाटला गेला तेव्हा पुन्हा खोली गप्प झाली. ती दाराजवळ उभी होती, पदराचं टोक मुठीत. मग तुमच्या आजोबांनी ताट पुढे केलं आणि दुसरा मोदक मागितला. ती त्यांना वाढून आत गेली. मी मागोमाग गेले, तर ओट्याशी उभी राहून ती नळ सोडून तोंड धूत होती. "तूप उडालं डोळ्यांत," म्हणाली.

त्या माघात ती गेली. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही.

ह्या वर्षी मोदक कुणी करायचे, हा प्रश्न मजल्यावर कुणी काढला नाही. चतुर्थीला सकाळी तिच्या सुनेने माझी बेल वाजवली. "काकू, येता? एकटीने बसवत नाही." मी गेले. तिने परात मांडली, उकड घेतली, आणि दोन्ही हातांवर अशी नजर लावली की पापणी लवेना. पारी भाकरीएवढी जाड. मी जरा वेळ सहन केलं, मग म्हटलं, "अगं, खाली नको. माझ्याकडे बघ."

तिने वर पाहिलं. "आईपण तुमच्याकडेच बघायच्या ना," म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. हात पिठाचे, पुसणार कशाने? मलाही उठवेना. समोरचं काही दिसत नसताना तिची बोटं मात्र थांबली नाहीत. उकड फिरत राहिली, कड वर चढली, पारी पातळ होत होत आरपार उजेड दिसेल इतकी झाली, आणि तिने चाचपत कळ्या पाडल्या.

वाफवताना तो मोदक फुटला. त्या घाण्यातले बाकीचे वीस ठीक झाले.