पत्रकाखालची ओळ

माझं लहानपण धुळ्यात पत्रकांच्या गठ्ठ्यांमध्ये गेलं. वडील शेतकऱ्यांसाठी ती लिहून गावोगाव वाटायचे. आमच्याकडचे जुने लोक पत्रक खालून वाचतात. सौजन्य कुणाचं ते आधी, मजकूर नंतर. खाली एखाद्या दुकानाचं नाव दिसलं की कागद चुलीत. वडिलांनी कधीच कुणाचं सौजन्य घेतलं नाही.

आता मी जळगावात मेहरूण तलावाजवळ राहते आणि पत्रकं ईमेलने पाठवते. एकाच वेळी सगळ्यांना मेल पाठवणारी एक सेवा सापडली. पहिला महिना सगळं मोफत, कुठलीही अट नाही, असं तिच्या पानावर ठळक लिहिलं होतं. माझं पत्रक खतांच्या लिंकिंगवर होतं: युरिया हवा तर सोबत नको असलेली द्रव खताची बाटलीही घ्या, या सक्तीविरुद्ध. पाठवलं आणि तलावाकाठी जाऊन बसले. पाण्यावर ऊन डुलत होतं. माझी अक्षरं बगळ्यांसारखी रांगेने तापी ओलांडून कपाशीच्या शेतांवर उतरताना दिसू लागली.

तेवढ्यात नानांचा फोन आला. धुळ्याजवळच्या गावात कापूस पिकवणारे नाना वडिलांचे सर्वांत जुने वाचक.

“खाले कंपनीनं नाव शे,” ते म्हणाले. “मंग हाई पत्रक कोनं शे? तुनं का तेसनं?”

पत्रक माझं की कंपनीचं? मी मेल उघडून पाहिला. माझ्या नावाखाली त्या मेल-सेवेच्या कंपनीच्या जाहिरातीची रंगीत पट्टी होती. मी जाब विचारला. पाठवणं मोफत आहे, पट्टी काढायची तर पैसे भरा, असं गोड उत्तर आलं. म्हणजे लिंकिंगविरुद्धचं पत्रक मी लिंकिंगमध्येच पाठवलं होतं. अट नाही असं ओरडून सांगायचं आणि माणूस आत आल्यावर अट दाखवायची, याला मी फसवणूकच म्हणते. खातं बंद केलं. पण नानांनी तोवर माझ्या वाचकांच्या यादीतून आपलं नाव काढायला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी एसटीने त्यांच्या गावी गेले. दुपार पेंगत होती. ओट्यावर बसून मी त्यांना पत्रक वाचून दाखवलं. नानांनी डोळे मिटले होते. वाऱ्यावर कापसाचा एक पुंजका तरंगत आला आणि त्यांच्या धोतरावर टेकला. मला वाटलं त्यांना झोप लागली.

यादीत नाव परत घाल, असं ते म्हणाले नाहीत. डोळे न उघडता म्हणाले, “आते जोरमा वाच. गल्लीले आयकू दे.”