कापसाचं वजन

आमच्या कुत्र्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन होता होता राहिलं. होण्यापर्यंत आलं ते माझ्यामुळे, आणि राहिलं ते आमच्या कामवाल्या फूलबाईमुळे. हे वाक्य आमच्या घरात वर्षातून दहा-बारा वेळा, आणि शक्यतो पाहुण्यांसमोरच, म्हटलं जातं. म्हणून म्हटलं, एकदा मीच सगळं सांगून टाकावं.

कुत्र्याचं नाव कापूस. जातीनं पॉमेरियन, रंगानं पांढराशुभ्र. आम्ही यवतमाळकडचे. माझ्या आईनं टोपलीतलं ते पिल्लू पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई, हा तं कापूसच आहे!" झालं बारसं. तेव्हा आम्ही रायपूरला तात्यापाऱ्यात भाड्यानं राहत होतो. तिथली फरशी इतकी खडबडीत होती की अनवाणी चाललं तर टाचा घासून निघत. कापूस तिच्यावरून दिवसभर बिनदिक्कत धावायचा.

मग रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं. भोपाळहून फायली आल्या, फायलींच्या मागून साहेब आले, आणि आमचं ऑफिस शंकर नगरला गेलं. आम्हीही तिकडेच घर घेतलं. त्या घराच्या टाइल्स अशा चकचकीत की वाकून बघितलं तर दाढी करता यावी! आल्यागेल्या माणसाला मी आधी टाइल्स दाखवायचो, मग पाणी विचारायचो. कापूस मात्र पहिल्याच दिवशी माझ्या स्वागताला दारातून धावत आला आणि माझ्यापाशी न थांबता थेट फ्रीजखाली गेला. मला हसू आलं.

पाच-सहा महिन्यांनी त्यानं नवीनच खेळ काढला. धावता धावता मागचा डावा पाय वर उचलायचा, तीन पायांवर दोन-चार उड्या मारायच्या, पाय झटकायचा आणि काही झालंच नाही अशा थाटात पुढे निघायचं. आमची मनू तेव्हा दहावीत होती. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. ती ओरडली, "पापा, देखो! कापूस लंगड़ी खेल रहा है!" आम्ही टाळ्या वाजवल्या. (आज लाज वाटते.) मी तर पाहुणे आले की त्याला मुद्दाम पळवायचो. मग एका संध्याकाळी त्यानं दिवाणावरून खाली उडी मारली, केकाटला, आणि पाय टेकवेचना. त्या दिवशी कुणी हसलं नाही. सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्याला पदरात घेतलं आणि दोघंही रडायला लागले.

गुरांच्या डॉक्टरांनी पाय हळूच वाकवून पाहिला आणि सांगितलं, "घुटने की कटोरी खिसकती है. छोटे कुत्तों में होता है."

"आपरेशन?" सुनंदानं विचारलं.

"अभी नहीं. फिसलने वाले फर्श पर कुछ बिछाइए. कूदना बंद. पट्टे से धीरे-धीरे घुमाइए, पाँच मिनट चले, पाँच मिनट आराम करे. जाँघ मज़बूत होगी तो कटोरी अपनी जगह रहेगी. और सबसे बड़ी बात, वजन. तीन महीने में वजन नहीं उतरा, तो बाहर ले जाकर आपरेशन कराना पड़ेगा."

मग वजन करायची वेळ आली. कापूस काट्यावर एकटा उभा राहीना. डॉक्टर म्हणाले, "आप गोद में लेकर चढ़िए, फिर अकेले चढ़िए. घटा देंगे." मी कापसाला घेऊन चढलो. काटा चौऱ्याऐंशीवर थांबला. डॉक्टर म्हणाले, "अब अकेले."

आता इथे एक अडचण होती. बाकड्यावर आमच्या साहेबांची बायको आपला लॅब्रॅडॉर घेऊन बसली होती आणि तिचं सगळं लक्ष आमच्याकडे होतं. मी रुबाबात म्हणालो, "अकेले की क्या ज़रूरत? मेरा बहत्तर है. फिक्स!"

हे बहात्तर मी हवेतून काढलं नव्हतं. सरकारी कागदावर होतं. नोकरीला लागताना वैद्यकीय दाखल्यावर सिव्हिल सर्जननं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, आणि त्यानंतर कुणी लेखी हरकत घेतली नव्हती. (हे वीस वर्षांपूर्वीचं, एवढं डॉक्टरांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.)

चौऱ्याऐंशीतून बहात्तर गेले, उरले बारा. "बारह!" डॉक्टर दचकलेच. केसांत बोटं घालून त्यांनी बरगड्या चाचपल्या. "मोटा तो है... पर बारह! इसका तो आठ होना चाहिए." साहेबांची बायको चुकचुकली. सुनंदानं मान खाली घातली. मीसुद्धा कापसाकडे रागानं पाहिलं. दवाखान्याच्या कार्डावर सगळ्यात वर 'मालिक का वजन ७२' असं कायमचं लिहिलं गेलं, आणि आम्ही घरी आलो.

घरी आणीबाणी लागली. माझ्या लाडक्या टाइल्सवर सतरंज्या, पायपुसणी, तांदळाची उसवलेली पोती, असं जे सापडेल ते अंथरलं गेलं. दिवाणाला पाटांचं कुंपण झालं. कापसाच्या ताटलीत उकडलेला दुधी आणि मोजून भात. "त्याच्यासमोर आपण चमचमीत खायचं, हे मले नाही जमत," असं म्हणून सुनंदानं आम्हालाही दुधीच लावला.

पण कापसाचा आजवरचा एक रतीब होता. सकाळी तूप लावलेली पोळी, दुपारी मलई, चहाबरोबर दोन बिस्किटं. तो बंद झाला तरी हात सवयीनं पोळीला तूप लावायचे, मलई वाटीत काढायचे. अन्न टाकून द्यायचं आमच्या घरात चालत नाही. मग एवढं सगळं जाणार कुठं? कुणीतरी त्याग करायलाच हवा होता. मी केला.

फिरवण्याचं कामही माझ्याकडे आलं. पाच मिनिटं चालणं, पाच मिनिटं विश्रांती. आमच्या फाटकापासून हळूहळू पाच मिनिटं चाललं की नेमकी आलूगुंड्याची टपरी येते. (आपल्याकडचा बटाटेवडा रायपूरला आला की आलूगुंडा होतो आणि दुप्पट आकाराचा होतो.) कापूस बाकाखाली विश्रांती घ्यायचा. नुसतं बसून दुसऱ्याच्या बाकाची जागा अडवणं बरं दिसत नाही, म्हणून मी एक गुंडा घ्यायचो. येताना पुन्हा तीच टपरी, पुन्हा विश्रांती. कापूस एकटक माझ्या हाताकडे बघायचा. मी त्याला समजावायचो, "नाही रे राजा, तुह्या गुडघ्यासाठीच करून राहिलो हे सगळं." एक कणसुद्धा दिला नाही मी त्याला. या बाबतीत मी अत्यंत कडक होतो.

महिन्यानं पुन्हा काट्यावर चढलो. पंच्याऐंशी. म्हणजे कापूस तेरा!

"बढ़ गया?" डॉक्टर बुचकळ्यात पडले. "हाथ को तो हल्का लग रहा है... पर काँटा झूठ थोड़ी बोलेगा. घर में कोई चुपके से खिला रहा है."

एवढं ऐकलं आणि माझ्यातला सरकारी नोकर जागा झाला. घरी आल्याबरोबर मी जेवणाच्या टेबलावर कोरा कागद आणि पेन घेऊन बसलो आणि चौकशी सुरू केली.

"सुनंदा, खरं सांग. तू याले काही देऊन राहिली का?"

"मी? मी तं त्याच्याकडे पाहूनसुद्धा नाही राहिली! पाहिलं की रडू येते मले!"

"मनू?"

"पापा, मैंने आइसक्रीम भी बाथरूम में जाकर खाई है! दरवाज़ा बंद करके!"

मग राहिली फूलबाई. आठ वर्षांपासून आमच्याकडे धुणंभांडी करणारी, बोलणं छत्तीसगढी. कापसाला तिच्याच हातांनी मोठं केलेलं. तिला मी विचारायला नको होतं. विचारलं. नुसतं विचारलं नाही, पेनानं टेबलावर टकटक करत विचारलं.

फूलबाईनं झाडू भिंतीला टेकवला. "मैं कुछु नइ खवाएंव, साहब. मोर लइका बरोबर हे ए हा." आणि डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली.

"काहून बोलले तिले असं?" सुनंदा माझ्यावर उखडली. "आपल्या लेकरासारखा आहे म्हणते ती त्याले!"

"चौकशीत सगळे सारखे असतात," मी म्हणालो, आणि त्या तणावात कापसाच्या वाट्याची मलई संपवली.

पुढचे दोन महिने आमच्या घरात कुणाचाच कुणावर विश्वास उरला नाही. डब्यांना दोरे बांधले गेले. मनू आईच्या पिशव्या तपासायची, आई मनूचं दप्तर. फूलबाई येताना आणि जाताना पदर झटकून दाखवायची, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण कर्तव्य म्हणजे कर्तव्य. मधल्या काळात माझ्या पँटी धोब्यानं आटवल्या, त्यावरून त्याच्याशीही भांडण झालं. कापूस मात्र छान चालायला लागला होता. लंगडी पंधरवड्यात एखाद्याच वेळी. "पाय तं सुधरून राहिला न हो त्याचा," सुनंदा आशेनं म्हणायची. मी म्हणायचो, "पायाचं सोड, वजनाचं पाहा."

तीन महिने भरले. दवाखान्यात निघालो तर फूलबाई चप्पल घालून फाटकाशी उभी. "महूं जाहूं," म्हणाली. मीही येणार. तिला तिच्या निर्दोषपणाचा निकाल डॉक्टरांच्या तोंडून ऐकायचा होता.

मी कापसाला घेऊन काट्यावर चढलो. डोळे मिटून घेतले. उघडले तर सत्त्याऐंशी.

"पंद्रह!" डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "पैर अच्छा हुआ है, जाँघ भी भर गई है. पर पंद्रह किलो ये कटोरी कितने दिन सँभालेगी? मैं चिट्ठी लिख देता हूँ. आपरेशन करवा लीजिए."

त्यांनी पेन उघडलं. सुनंदानं तोंडाला पदर लावला. मनू मराठीत रडायला लागली, "आई, त्याला नको ना कापायला!" (एवढ्या वर्षांत तिचं पूर्ण मराठी वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.) त्या चार पायांच्या जिवाला भुलीचं इंजेक्शन देतील, पाय चिरतील, आणि त्याला कळणारही नाही की आपण काय चूक केली. मला त्याच्याकडे बघवेना, म्हणून मी कापसाला फूलबाईच्या हातात दिलं.

फूलबाईनं त्याला घेतलं. एकदा वर-खाली केलं, जशी ती बाजारात भोपळा तोलते तसं. मग म्हणाली, "ए तो हरू हो गे हे, दीदी. पंदरा? मोर घर के चाउर के बोरी दस के हे, ओखर ले तो हल्का हे!" म्हणजे तिच्या घरच्या दहा किलोच्या तांदळाच्या पोत्यापेक्षाही हलका.

"काँटा झूठ नहीं बोलता, बाई," डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले.

"त मोला चढ़ावव."

कुणी काही म्हणायच्या आत ती चढलीसुद्धा. कापसासकट चोपन्न. मग त्याला मनूकडे दिलं आणि, कुणी न सांगता, एकटी चढली. सेहेचाळीस.

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी दोनदा वजाबाकी केली. "आठ! बिल्कुल आठ! कमाल है..." मग ते कार्डाकडे बघायला लागले. कार्डाच्या वरच्या ओळीकडे. मग माझ्याकडे. मग, हळूहळू, माझ्या पोटाकडे.

"साहब," ते फार प्रेमानं म्हणाले, "ज़रा अकेले चढ़िए."

"उसकी क्या ज़रूरत? बहत्तर..."

"चढा!" सुनंदा म्हणाली.

मी चप्पल काढली. खिशातल्या किल्ल्या काढल्या. चष्मा काढला. घड्याळ काढलं. श्वास आत ओढला. काटा बहात्तरकडे बघायलाही थांबला नाही. पंच्याहत्तर ओलांडून तो एकोणऐंशीवर जाऊन डुलत उभा राहिला.

पहिला आवाज फूलबाईचा आला. "हव," ती म्हणाली. "अब समझ आइस, कोन खावत रिहिस."

डॉक्टरांनी ऑपरेशनची चिठ्ठी फाडली. कापूस मनूच्या हातातून उतरला आणि चारही पायांवर, न लंगडता, माझ्यापाशी येऊन शेपूट हलवायला लागला. तीन महिने त्यानं माझ्या वजनाची शिक्षा भोगली होती, दुधी खाऊन! मी तिथेच खाली बसलो आणि त्याला पोटाशी धरलं. रडलोसुद्धा. मग उठून फूलबाईला हात जोडले. ती लाजून म्हणाली, "जान दे, साहब." सुनंदानं मात्र काही जाऊ दिलं नाही.

आता आमच्याकडे सगळं सुरळीत आहे. सतरंज्या अंथरलेल्या आहेत, दिवाण कुंपणात आहे, आणि टपरी टाळून पलीकडच्या रस्त्यानं आम्ही फिरायला जातो. एकटा काट्यावर चढणार नाही अशी मी शपथ घेतली आहे. पण कापसाचं वजन दर महिन्याला बघायचं, असं डॉक्टरांनी सांगितल्यामुळे त्याला घेऊन चढावंच लागतं. मी चढतो, सुनंदा काटा वाचते, त्यातून कापसाचे आठ वजा करते आणि जे उरतं ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर माझ्या नावापुढे लिहिते. ती म्हणते, या घरात ज्याच्या वजनावर भरवसा ठेवावा असा कापूस एकच आहे.