राणीच्या बागेचं गाऱ्हाणं

काशीराम माचिवले याला गाडी लागायची. तशी ती पुष्कळांना लागते. लिंबू हुंगतात आणि निभावून नेतात. पण काशीराम रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होता. मुंबई, बोरिवली, कोल्हापूर, अक्कलकोट, उभा महाराष्ट्र त्याने माइकवरून हाकला आणि स्वतः मात्र पालीजवळच्या आपल्या वाडीतून स्टँडवर आधी सायकलने आणि पुढे लूनाने येत-जात राहिला. त्यानेच सोडलेल्या गाड्या हातखंब्याच्या चढाला हॉर्न देऊन त्याला मागे टाकत. ड्रायव्हर खिडकीतून हात करत. काशीराम मान खाली घालून पायडल मारत राही आणि मनात म्हणे, हलवायाला गोड वर्ज्य, त्यातली गत. मग लगेच त्याला वाटे, हलवाई निदान पाकात बोट तरी बुडवतो.

निवृत्त झाल्यावर माइक सुटला, आवाज सुटला नाही. वाडीतलं कोणीही कुठे निघालं की काशीराम ओटीवर बसून त्याची वाट आखून देई. कुठली गाडी, कुठला थांबा, कुठे उतरून कुठे वळायचं. लग्नं, बारशी, मुंबईकरांची गणपतीतली ये-जा, सगळं त्याच्या आखणीने पार पडे. आणि अशा प्रत्येक आखणीत घरी राहणारं एक माणूस लागे. देवाचा दिवा कोण लावणार? परसातल्या केळींवर वानर येतात, ते कोण हाकणार? ते माणूस काशीराम. आणि काशीराम घरी म्हणजे त्याची बायको तुळसा घरी, कारण काशीरामला चहासुद्धा करता येत नव्हता.

एकदा महिला मंडळाची हेदवीच्या दशभुजा गणपतीची सहल ठरली. प्रासंगिक करारावर गाडी काशीरामनेच मिळवून दिली होती, वाटेतले थांबे त्यानेच बसवले होते. तुळसा ठेवणीतली साडी नेसून रस्त्यावर उभी राहिली. गाडी वळणावर दिसली, तशी काशीरामला थंडी वाजून आली. ताप खरा होता, एवढं त्याच्या बाजूने म्हणता येईल. दुपारी तो उतरलाही. संध्याकाळी तुळसाने शेजारणींकडून प्रसाद घेतला, अर्धा काशीरामच्या हातावर ठेवला आणि चूल पेटवली.

यंदा दिवाळीला मुलगा ओमकार डोंबिवलीहून आला, बायको निशिगंधा आणि मुलगी वेदिका यांना घेऊन. वेदिका तिसरीत होती आणि तिला राणीची बाग तोंडपाठ होती. तिने आजीला मोबाइलवर तिथला पाणघोडा दाखवला. पाणघोड्याने जांभई दिली. तुळसा भाकरी थापता थापता थांबली.

"अगो बाय, ह्याला भाकऱ्या तरी किती लागत असतील," ती म्हणाली आणि एवढी हसली की तव्यावरची भाकरी करपली. मग दिवसभर तिचं तेच. मधूनच आठवून हसायची आणि नातीला म्हणायची, दाखव गो परत. दुसऱ्या दिवशी फराळाचं ताट पुढे करता करता तिने ओमकारला सांगितलं, "मना तो पाणघोडा बघायचाय."

काशीराम चकलीकडे नेलेला हात तसाच ठेवून ऐकत राहिला. एवढ्या संसारात तुळसाला काय काय हवं असतं ते त्याने ऐकलं होतं. रवा, रॉकेल, गुडघ्याला लावायचं तेल. काही बघायचंय, असं तिच्या तोंडून तो प्रथमच ऐकत होता.

ओमकारने तिथल्या तिथे रेल्वेची तिकिटं काढली, पाचही जणांची. आई-अप्पांनी आपल्याबरोबर यायचं, एक दिवस राणीची बाग आणि वरळीचं विज्ञान केंद्र बघायचं, दोन दिवस राहायचं आणि परत. रेल्वे म्हटल्यावर काशीरामच्या हातातलं कारणच गेलं. रेल्वेत कोणाला काही लागत नाही, असं सगळे म्हणत होते. त्याने निष्ठेचा मुद्दा काढला. ज्या लाल गाडीचं मीठ खाल्लं, तिला सोडून रेल्वेने जाणं मनाला पटत नाही म्हणाला.

"पण अप्पा, त्या लाल गाडीत तुम्ही बसलात कधी?" निशिगंधाने विचारलं. ती शाळेत शिकवायची. चुकीच्या उत्तरावर बोट ठेवायची तिला सवय होती.

मग काशीरामने सहलीची आखणी हातात घेतली. मुंबईच्या फेऱ्या केलेल्या जुन्या ड्रायव्हरांना फोन लावले. पानाच्या डब्यातल्या सुपाऱ्या ओटीवर मांडून राणीची बाग उभी केली. आधी पेंग्विन, कारण तिथे रांग लागते. मग वाघ, कारण उन्हं चढली की वाघ पाठ करून झोपतो. पाणघोडा दुपारी, त्याला पाण्यात उन्हाचं काही नसतं. मग झाडाखाली डबा. मग वरळी, कारण विज्ञान केंद्रात गारवा असतो आणि आजीच्या गुडघ्याला विसावा मिळतो. तिथे वेडेवाकडे आरसे आहेत, त्यांत जाडा माणूस बारीक आणि बारीक माणूस जाडा दिसतो, त्यांना अर्धा तास पुरे. राणीची बाग कधी न पाहिलेला माणूस, मुंबईत राहणाऱ्या मुलाला हे सगळं समजावून देत होता, आणि मुलगा होय होय करत होता. बापाच्या हाती तेवढ्यापुरता माइक परत आला आहे, हे त्याला दिसत असावं.

"आबा, पण तुम्ही बुधवार धरलाय," वेदिका म्हणाली. "बुधवारी राणीची बाग बंद असते."

"का म्हणून?"

"प्राण्यांना सुट्टी."

काशीरामने सुपाऱ्यांकडे पाहिलं. एवढी बारीक आखणी, आणि सगळ्यांना बंद फाटकासमोर नेऊन उभं करणारी. आमच्या डेपोत कुठल्या गाडीला सुट्टी मिळाली नाही, असं काहीसं पुटपुटत त्याने बागेचा दिवस गुरुवारवर ढकलला.

"आणि आबा, तुम्ही कुठे बसणार?" पोरीने पुढचं विचारलं. तिने डब्यातल्या चपात्यांपासून बसायच्या जागांपर्यंत सगळा हिशेब ऐकला होता, आणि आबा त्यात कुठेच नव्हते.

"मी इथून कंट्रोल करीन. फोन आहे ना."

तुळसा पलीकडे तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं. "मगे मी पण नाय जात," ती म्हणाली, मीठ संपलंय हे सांगावं तशी. "ह्यांचं कोण करील?" आणि सूप उचलून आत गेली.

काशीरामला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याच्या मागोमाग दुसरंच काहीतरी आलं आणि ओटीवर शेजारी बसलं. गाडी लागणं हे कारण नव्हतंच, ती सोय होती. स्टँडवर आलेला प्रत्येक माणूस त्याला वाट विचारत असे. मुंबईत उतरल्यावर वाट त्याला विचारावी लागणार होती. राणीच्या बागेच्या फाटकावरचा कोणी पोरगेला रखवालदार त्याला म्हणाला असता, बाबा, जरा बाजूला व्हा. आणि तुळसाने ते बघितलं असतं. एवढ्या एका 'बाजूला व्हा'साठी त्याने स्वतःला केळींवर राखणीला बसवलं होतं आणि तिला चुलीपाशी. हे कळलं तेव्हा तो बराच वेळ खिन्न बसून राहिला. मग त्याच्या लक्षात आलं की खिन्न बसणं हेसुद्धा घरीच बसणं आहे.

कळून तो शहाणा झाला असं मात्र नाही. ओमकारने तोडगा काढला होता, की शेजारचा भागोजी दिवा लावील आणि वानरांवरही नजर ठेवील. ते भागोजीला सांगायला काशीराम आपण होऊन गेला. वात कशी वळायची, कुठली समई आधी, तेल किती बोटं, फुलं कुठल्या झाडाची चालतात आणि कुठल्या झाडाची देवाला खपत नाहीत, वानरांचा म्होरक्या कौलांवर कुठे बसतो आणि त्याच्या डोळ्याला डोळा का द्यायचा नाही, असं तो सांगत सुटला. भागोजी बिचारा भातझोडणीतून उठून आलेला. ऐकून ऐकून त्याचा चेहरा उतरला.

"नाना, काय चुकलं-माकलं तर माझ्या डोक्यावर नको," तो म्हणाला. "तुमीच ऱ्हावा."

काशीराम तोंड पाडून घरी आला आणि म्हणाला, भागोजीला जमत नाही म्हणतो. तोंड पाडण्यात तो तरबेज होता. गाडी रद्द झाल्याचं सांगताना ते लागतंच.

निघायचा दिवस उजाडला. या बाजूला कोणी लांबच्या वाटेला निघालं की देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. घरातला मोठा माणूस देवाला सगळं उघड सांगतो. कोण जातंय, कशाला जातंय, मागे कोण राहतंय. आणि मागे उभी असलेली माणसं दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. त्या सगळ्यांचा होकार आला तरच गाऱ्हाणं देवाला पोचतं, नाहीतर ते एकट्याचं बोलणं होतं. काशीरामचं गाऱ्हाणं वाडीत नावाजलेलं होतं. घालताना त्याचा सूर आपोआप स्टँडवरचा लागे.

देवापुढे सगळे उभे राहिले. भागोजीही निरोप द्यायला आला होता, तो दाराशी थांबला. वाटेवर रिक्षा उभी होती.

"बा देवा म्हाराजा," काशीरामने सुरुवात केली, "आज तुझी लेकरं मुंबईला निघाली आहेत, त्यांच्या गाडीला दरडीत, बोगद्यात सांभाळ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"राणीच्या बागेत वाघ-अस्वलं आहेत, ती पिंजऱ्यातच ऱ्हाऊ देत रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." यात वेदिकाचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

"आणि मागे घरी दोघं राहतायत, त्यांना सुखासमाधानात ठेव रे म्हाराजा."

ओमकारचा व्हय आला, निशिगंधाचा अर्धा आला, दारातून भागोजीचा आला. पण काहीतरी कमी पडलं. तुळसाचा व्हय नेहमी सगळ्यांच्या मागून येई, लांबवलेला, कंडक्टरच्या डबल बेलसारखा. तो आला की काशीरामची पुढची ओळ सुटायची. तो आला नाही. तिचं लक्ष नसेल, असं समजून त्याने ओळ पुन्हा म्हटली, जरा चढ्या आवाजात. तोच प्रकार. त्याने खांद्यावरून मागे पाहिलं. तुळसा हात जोडून उभी होती, नजर देवावर, ओठ मिटलेले.

"नाना," भागोजी हळूच म्हणाला, "वयनींचा व्हय नाय आला."

"ऐकू येतंय मला."

रिक्षावाल्याने हॉर्न दिला. ओमकारने घड्याळ पाहिलं. काशीरामला वाटलं, देवसुद्धा आता आपल्याकडेच बघतोय, उशिरा सुटणाऱ्या गाडीचे प्रवासी बघतात तसा. या घरात खोटं चालत नाही अशी एकच जागा होती, आणि नेमक्या त्याच जागी तो नारळ घेऊन उभा होता. दोघं सुखात राहतायत म्हणे. त्याने घसा साफ केला. आवाज एकदम साधा झाला, स्टँडवरचा राहिला नाही.

"म्हाराजा, चुकलं. तुळसा पण निघालीय, तिला पाणघोडा बघायचाय. घरी एकच माणूस राहतोय. त्याला काही येत नाही, त्याला जरा सांभाळून..."

"व्हय म्हाराजा," तुळसा म्हणाली. तिने वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

काशीरामला हा व्हय इतक्या लगेच येईल असं वाटलं नव्हतं. ती मागे सरेल, पदर तोंडाला लावील, तुमच्याबिगर कशी जाऊ म्हणेल, अशी एक आखणी त्याने मनात करून ठेवली होती. तीही बुधवारचीच निघाली.

तुळसा आत गेली आणि पिशवी घेऊन बाहेर आली. ती कधी भरून ठेवली होती कोण जाणे. चपला घालता घालता ती त्याच्यापाशी थांबली.

"तिकीट पाच जणांचं हाय," ती म्हणाली. "येताय?"

रिक्षा चालू होती. चार पावलांवर होती. काशीरामच्या तोंडात एकदम पुष्कळ शब्द आले आणि त्यातला सगळ्यांत जुना बाहेर पडला.

"दिवा..."

"बरं," तुळसा म्हणाली. "भात लावलाय. डाळ गरम करून घ्या." आणि वेदिकाचा हात धरून रिक्षात चढली.

रिक्षा निघाली तेव्हा काशीरामचा हात सवयीने वर गेला. त्याच्या इशाऱ्याची तिथे कोणी वाट बघत नव्हतं. तुळसा कडेला बसली होती आणि समोर बघत होती. भागोजी थोडा वेळ घुटमळला, मग झोडणी अर्धी राहिलीय म्हणत निघून गेला.

परसात वानर आले. काशीरामने त्यांना हाकलं, पण आवाजात जोर नव्हता आणि त्यांना ते कळलं. मग त्याने चहाचं मनावर घेतलं. पाणी ठेवलं, पावडर सापडली, दूध सापडलं. साखर मिळेना. त्याने सगळे डबे उघडून पाहिले. एकात रवा, एकात गूळ-शेंगदाण्याचे लाडू, एकात बटणं. नाइलाज होऊन त्याने फोन लावला. गाडी नुकतीच रत्नागिरी सोडत होती, मागे चाकांचा आवाज येत होता.

"साखर कुठे आहे गो?"

"खिडकीला बसलेय मी," तुळसा म्हणाली, जणू त्याने तेच विचारलं होतं. आवाज ओळखू येऊ नये इतका मोकळा होता. "अहो, वरनं सगळं दिसतं. नदी बघा केवढी..."

"साखर म्हणतोय मी."

"थांबा, बोगदा आला," ती म्हणाली आणि फोन तुटला.

करबुड्याचा बोगदा लांबलचक आहे, हे काशीरामला ऐकून माहीत होतं. तो फोन हातात धरून उभा राहिला. पाणी उकळून निम्मं झालं तेव्हा त्याने गॅस बंद केला. फोन वाजला नाही. त्याने पुन्हा लावला नाही. बोगदा केव्हाच सरला असणार, उजेड आला असणार, आणि ती बाहेर बघत असणार. काशीरामने चहा गाळला, अर्धा ओट्यावर सांडला, आणि उरलेला तसाच, बिनसाखरेचा, उभ्या उभ्या प्यायला.