नव्या कचेरीतला बेल-भंडार

अमरावतीची नवी कचेरी उभी राहताना मी आमच्या घराच्या मागच्या खिडकीतून पाहिली. नागपूरच्या मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकून मी परत आले होते, आणि गल्लीतल्या बायकांनी पहिल्याच आठवड्यात माझे नाव ‘मडमीण’ ठेवले. हळदीकुंकवाला गेले की एखादी पदर तोंडाला लावून म्हणे, “मडमिणीले चटईवर बसता येते का वं? खुर्ची आणा तिच्यासाठी!” मी हसायची, आणि पुढच्या वेळी जायची नाही. खिडकीत बसायची. वडील कचेरीत शिरस्तेदार होते. ते साहेबांना लोकांचे बोलणे समजावून देत आणि लोकांना साहेबांचे.

आमच्याकडची काळी जमीन इमारतीला वैरी असते. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि भिंती उचलून टाकते. म्हणून कचेरीचा पाया मुरूम लागेपर्यंत खणला होता आणि त्यावर काळ्या दगडाचे पुरुषभर उंच जोते बांधले होते. दगड वडार फोडत, सागवान मेळघाटातून येई. पण तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि विलायतेच्या गिरण्यांना आमचा कापूस हवासा झाला. मग एकही गाडीवान कापूस सोडून दगड ओढायला तयार होईना. अर्ध्या भिंती तशाच उभ्या राहिल्या. गावभर कापसाचे तंतू उडत, ते ओल्या गिलाव्यावर चिकटत, आणि गवंडी नखांनी ते वेचत बसत.

चुन्याची घाणी बैलांनी ओढायची असते. वाटोळ्या दगडी चरात चाक फिरते आणि चुना-वाळू मळली जाते. बैल कापसाला गेले होते, म्हणून घाणीला कैदी जुंपले. उन्हे उतरली की लोक लेकरांना घेऊन ते बघायला येत आणि कैद्यांना बैलांच्या नावांनी हाका मारत.

“अरे, पवळ्या दमला! सरकी घाला त्याले!”

लेकरे खदखदून हसत. कैदीही कधीकधी हसत, हे मला सगळ्यात वाईट वाटे.

कचेरीचा मोठा दिवाणखाना तयार झाला तेव्हा बाहेरचा व्हरांडा अजून व्हायचा होता. तरी साहेबांनी तिथे काम सुरू करायचे ठरवले. छत इतके उंच की खाली बोललेला शब्द वर जाऊन परत येई. साहेबांच्या टेबलाखालचा चौथराही उंच होता. आरोपीच्या पिंजऱ्यातून नजरेसमोर साहेबांचे बूट येत. तोंड पाहायचे तर मान मागे टाकावी लागे. हे मुद्दाम केले होते की गवंड्याचे माप चुकले होते, कोण जाणे. वडील म्हणत, “न्याय उंचावर असावा.”

त्याच दिवसांत आमच्याकडे भांडी घासायला एक कुणबीण येऊ लागली. नांदगाव खंडेश्वराकडची, कडेवर वर्षाचे पोर. तिचा नवरा गाडीवान, आणि तो तुरुंगात होता. एका व्यापाऱ्याच्या वखारीतून त्याने भरून नेलेल्या कापसात दगड आणि ओली वाळू निघाली होती. व्यापाऱ्याची फिर्याद होती की गाडीवानाने वाटेत चांगला कापूस काढून घेतला आणि वजनाला दगड भरले. ती बाई गाडीबरोबर होती. वखारीतच व्यापाऱ्याच्या माणसाला दगड कोंबताना तिने डोळ्यांनी पाहिले होते. तिच्याशिवाय दुसरा साक्षीदार नव्हता.

एकदा राख-काथ्या बाजूला ठेवून तिने विचारले, “ताई, तठी कचेरीत बेल-भंडार उचला लागते का?”

बेलाचे पान आणि भंडारा ओंजळीत घेऊन बोलायचे, ही आमच्याकडची जुनी शपथ. सरकारने ती कचेरीतून काढून टाकली होती. मी ते वाचलेले होते.

“नाही. ईश्वराला स्मरून खरं सांगेन, एवढंच म्हणायचं.”

“हात लावा नाई लागत?”

“नाही. पण खरं बोलणाऱ्याला कसली भीती?”

“खरं असो का खोटं असो, ताई. देवाले हातात धरून बोललं का देव घरातलं कायतरी घेऊन जाते. माह्या सासऱ्यानं वावराच्या धुऱ्याच्या भांडनात उचलला होता. खरंच बोलला होता मानूस. वरीस नाई भरलं, माहा थोरला दीर गेला.” असे म्हणून तिने पोराचे नाक पदराने पुसले.

खटल्याच्या दिवशी साहेबांची मडम इमारत बघायला आली. तिला बोलणे समजावे म्हणून वडिलांनी मला नेले. बाजूच्या दाराला बांबूच्या काड्यांची चिक लावली होती, तिच्यामागे आम्ही दोघी बसलो.

बाईने सांगायचे ते सांगितले, सरळ आणि न अडखळता. मग व्यापाऱ्याचा वकील उठला. पुण्याकडचा, गोड आवाजाचा.

“बाई, तुमच्या गावात शपथ कशी घेतात?”

“बेल-भंडार उचलून.”

“आणि आता घेतली ती?”

ती घोटाळली. “ते… साहेबाची.”

दिवाणखाना हसला. हसू वर गेले आणि पुन्हा खाली आले.

“म्हणजे साहेबाच्या शपथेवर खोटं चालतं?”

“नाई जी. खरंच सांगून राहिले मी.”

वकिलाने रुमाल उलगडला. आत बेलाचे पान आणि भंडाऱ्याची पुडी होती. घरूनच घेऊन आला होता. “मग हे उचला आणि हेच पुन्हा सांगा. माझे अशील फिर्याद मागे घेतात. तुमचा नवरा आत्ता तुमच्याबरोबर घरी येईल.”

वडिलांनी ते साहेबांना सांगितले. दोघांना चालत असेल तर चालेल, अशी साहेबांनी मान हलवली.

पिंजऱ्यातून नवरा ओरडला, “उचल वं! काहून उभी राहून राहिली? उचल!”

तिने हात पुढे केला. तेवढ्यात कडेवरच्या पोराने, हिरवे पान दिसले म्हणून, वाकून मूठ पुढे केली. तिने झटकन त्याची मूठ धरली आणि दोन पावले मागे सरली. पुन्हा पुढे आली नाही.

आता लोक मांड्यांवर थापा मारून हसत होते. “पोरगं उचलते, माय नाई उचलत!” साहेबांनी वडिलांना अर्थ विचारला. वडील म्हणाले, “खोटी शपथ घ्यायला हे लोक फार भितात.” साहेबांनी ते लिहून घेतले.

मडमने मला विचारले, लोक का हसतात? मी इंग्रजीत, नीट, सगळे सांगितले: ही खऱ्या शपथेलाही भिते, हिचा दीर असाच गेला, ही पोरासाठी मागे सरली. साहेबांना हे कळायला हवे, असेही म्हणाले. शाळा सोडल्यापासून इतके सलग मी कुणाशीच बोलले नव्हते. मडमने लक्ष देऊन ऐकले आणि दुपारी जेवताना साहेबांना सांगितलेही. संध्याकाळी वडील खुशीत घरी आले.

“साहेब म्हणाले, तुमच्या मुलीचं इंग्रजी उत्तम आहे.”

गाडीवानाला सक्तमजुरी झाली. व्हरांड्याचा गिलावा राहिला होता, म्हणून त्याला घाणीला जुंपले. बाई आमच्याकडे येतच राहिली, पण मागच्या खिडकीकडे कधी फिरकली नाही. एकदा भाकर घेऊन गेली तर तो चालता चालता म्हणाला, “मले नको. तुह्या पोराले चार.” बघायला आलेल्यांना ते फार आवडले. काही दिवस गल्लीतली पोरे एकमेकांना तेच म्हणत होती.

त्याने मळलेल्या चुन्याचा गिलावा दिलेले व्हरांड्याचे खांब घोटून घोटून आरशासारखे झाले. तो वकील आत जाण्याआधी त्यांत बघून पगडी सारखी करी.

उन्हाळ्यात पटकीची साथ आली. तिचे पोर दुपारी आजारी पडले आणि दिवेलागणीच्या आत गेले. गल्लीत बायका म्हणाल्या, “खोटं बोलली होती, देवानं दाखवलं.” सुतक फिटल्यावर ती कामाला आली. भांड्यांपाशी न बसता माझ्यासमोर उभी राहिली.

“ताई, मी तं उचलला नोता.”

“नाही उचललास.”

“हातबी नोता लावला.”

“नाही.”

“तुमी पाहून राहिल्या होत्या. पोराचा हात लागला असन का पानाले?”

चिकेतून मला पोराची पाठ दिसली होती आणि तिचा हात. पान दिसले नव्हते.

“नाही लागला,” मी म्हणाले.

तिने माझ्या दोन्ही हातांकडे पाहिले. ते रिकामे होते, ना बेल, ना भंडारा. मग ती खाली बसली आणि राख ओढून भांडी घासू लागली.